हर्ट्स-मिडलसेक्स म्हणे ‘पब लीग’ होती! त्या फॉरवर्डला उत्तर

भारतातल्या सहा फ्रँचायझींच्या रग्बी प्रीमियर लीगचा पहिला सीझन झाला तेव्हापासून एक पोस्ट ग्रुपाग्रुपांत फिरतीये, मला आत्तापर्यंत चौघांनी पाठवली आणि त्यातल्या दोघांनी तरी आयुष्यात रग्बीचा बॉल हातात धरला नसेल. ज्यांच्यापर्यंत आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधे रग्बीच्या लीग १८९५ पासून सव्वाशे वर्षं चालू होत्या, त्यात लंडनच्या वर असलेली हर्ट्स-मिडलसेक्स लीग म्हणजे सगळ्यात खालची, बिअर पिणाऱ्यांची पब लीग, मोठा क्लब तिकडे कधी फिरकला नाही, कोविडमधे ती मेली, २०२२ ला तिथल्या युनियनने पैसे नाहीत म्हणून कुलूप लावलं. आणि म्हणून आपण भारतात खालच्या लीगच्या भानगडीत पडू नये, सहा फ्रँचायझी पुरे.

मी कामानिमित्त काही वर्षं हॅरोला राहिलोय, म्हणजे बरोबर या लीगच्या पट्ट्यात, शनिवारी दुपारी चिखलात उभं राहून या मॅचेस बघितल्यात, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

पहिलं ते ‘सव्वाशे वर्षं’. साफ चूक. इंग्लंडची रग्बी फुटबॉल युनियन १८७१ मधे स्थापन झाली, २१ क्लब होते, आणि देशभराची लीग सुरू झाली १९८७ मधे. मधली ११६ वर्षं देशपातळीवर पॉइंट्स टेबल नाही, प्रमोशन नाही, रेलिगेशन नाही, आणि हे विसरून राहिलं असं नाही, मुद्दाम होऊ दिलं नाही. लीग आली की चुरस येणार, चुरस आली की चांगल्या खेळाडूला कोणीतरी पैसे देणार, आणि पैसे म्हणजे पाप, असा त्यांचा हिशोब. आपल्याच इथलं उदाहरण सांगतो. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब (म्हणजे रग्बीचाच) मोडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी कप बनवला आणि १८७८ मधे युनियनला दिला, अपेक्षा ही की फुटबॉलच्या एफए कपसारखी क्लबांची स्पर्धा व्हावी, तर युनियनने तो इंग्लंड-स्कॉटलंड मॅचला लावून टाकला, क्लबांमधे एवढी स्पर्धा नको म्हणून. क्लबांचा नॉकआउट कप यायला १९७१-७२ उजाडलं!

मग १८९५ कुठून आलं पोस्टमधे? माझा अंदाज, लिहिणाऱ्याने ‘रग्बी लीग’ असं सर्च केलं आणि जे आलं ते चिकटवलं. रग्बी लीग हा खेळच वेगळा आहे राव. यॉर्कशर-लँकेशरच्या क्लबांनी १८९२ मधे आपापल्या भागात लीगसारख्या स्पर्धा सुरू केल्या होत्या, तिकडचे खेळाडू खाणीत नाहीतर गिरणीत कामाला, शनिवारी मॅच खेळायची तर मजुरी बुडणार, ती भरून द्या म्हणाले, युनियन नाही म्हणाली, शेवटी ऑगस्ट १८९५ मधे हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून ते क्लब वेगळे झाले. त्यांचा खेळ पुढे तेरा जणांचा झाला. आपण बोलतोय ते पंधरा जणांच्या रग्बी युनियनबद्दल, आणि त्यातल्या लीगबद्दल. नावांचा घोळ होतो हे मान्य, पण इतिहास सांगायला बसलात तर एवढं बघा ना.

आता ‘पब लीग’. यात मला सगळ्यात जास्त हसू आलं, कारण १९८७ ला जी लीग सुरू झाली तिचं नावच करेज लीग, करेज ही बिअर कंपनी, आणि हे नाव वरपासून खालपर्यंत सगळ्यांना. पहिल्या वर्षी लेस्टर चॅम्पियन झाले ते पण बिअर कंपनीच्याच लीगचे! मॅचनंतर क्लबहाउसमधे दोन्ही टीम एकत्र पितात हे खरंय, तो त्या खेळाचा भागच आहे. पण पब लीगचा अर्थ असा की चार मित्र जमले, खेळले, संपलं, वर जायला वाट नाही. इथे वाट होती आणि तोच सगळा मुद्दा आहे. मुंबईकरांना कांगा लीग सांगायला नको, खालच्या डिव्हिजनमधे भर पावसात खेळणारा क्लब जिंकत गेला तर वर चढतो, तसंच हे. सुरुवातीला हर्टफर्डशर आणि मिडलसेक्सच्या लीग वेगवेगळ्या होत्या, पुढे एक झाल्या, आणि शेवटच्या काळात हर्ट्स-मिडलसेक्स १ म्हणजे पिरॅमिडची नववी पायरी. तिच्यावर लंडन ३, मग लंडन २, लंडन १, मग लंडन अँड साउथ ईस्ट प्रीमियर, मग नॅशनल लीगच्या दोन पायऱ्या, चॅम्पियनशिप, प्रीमियरशिप. जिंकत रहा, जात रहा. बाय द वे, ती सगळ्यात खालची पण नव्हती, हर्ट्स-मिडलसेक्स २ तिच्या खाली होती.

१९८७ च्या आधी ही सोय नव्हती. क्लबांचे सेक्रेटरी एकमेकांना पत्रं लिहून मॅच ठरवायचे, मोठ्या क्लबांच्या फिक्श्चर लिस्ट वर्षानुवर्षं त्याच त्या, ओळखीवर चालायचं. तुम्ही कितीही जिंका, ते तुमच्याशी खेळणारच नाहीत तर तुम्ही चांगले आहात हे सिद्ध कुठे करणार? वूस्टर क्लब बघा, १९८७ ला नॉर्थ मिडलँड्स १ मधे होता, अशाच एका खालच्या प्रादेशिक लीगमधे, आणि २००४ मधे प्रीमियरशिपमधे पोचला, त्या सीझनला सगळ्या २६ मॅच जिंकून. सेसिल डकवर्थ नावाच्या उद्योजकाने त्यात पैसा ओतला होता हे खरं, नुसत्या घामावर झालं असं मी म्हणणार नाही. पण पैसा ओतायलासुद्धा शिडी लागते.

‘मोठा क्लब तिकडे कधी फिरकला नाही’, हे वाचून तर मी मोबाइल बाजूला ठेवला. लंडन वेल्श नाव ऐकलंय? १८८५ चा क्लब, मैदान ओल्ड डिअर पार्क. १९७१ मधे ब्रिटिश लायन्स (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडच्या निवडक खेळाडूंची टीम) न्यूझीलंडला जाऊन सिरीज जिंकले, आजपर्यंत तिकडे जिंकलेली ती एकमेव लायन्स टीम, तिच्यात या एका क्लबचे सात जण होते, कॅप्टन जॉन डॉज धरून, जेपीआर विल्यम्स, जेराल्ड डेव्हिस, मर्विन डेव्हिस सगळे इथलेच. हा क्लब २०१२ ला प्रीमियरशिपमधे आला, लगेच खाली गेला, २०१४ ला परत आला आणि २०१४-१५ मधे बावीसच्या बावीस मॅच हरला. मग पैशाचं गणित कोसळलं, डिसेंबर २०१६ मधे कंपनी लिक्विडेशनमधे, जानेवारीत चॅम्पियनशिपमधून बाहेर. आणि पुढच्या सीझनला, २०१७-१८ ला, लंडन वेल्श कुठे खेळले? हर्ट्स-मिडलसेक्स १. ज्या लीगमधे कोणी फिरकलं नाही म्हणतात तिथेच. विचार करा, सात लायन्स देणारा क्लब आणि समोर लोकल टीम, ज्यांचा प्रॉप (पुढच्या रांगेतला खेळाडू) आठवडाभर प्लंबिंग करून आलाय. आणि ती लीग नसती तर काय झालं असतं, नाव पुसलं गेलं असतं, दुसरं काय.

हा एकच किस्सा नाही. रिचमंड (१८६१) आणि लंडन स्कॉटिश (१८७८), दोघे एकाच मैदानावर खेळणारे जुने क्लब, व्यावसायिक रग्बी आल्यावर चार वर्षांत, १९९९ मधे, दोघांच्या प्रोफेशनल टीम बुडाल्या आणि लंडन आयरिशमधे विलीन झाल्या. हौशी खेळाडूंनी दोन्ही क्लब परत तळापासून चालू केले. स्कॉटिश २०११ ला चॅम्पियनशिपमधे पोचले, रिचमंड २०१६ ला. एवढी वर्षं चढले, एकेक पायरी.

कोविड. २०१९-२० चा सीझन मार्चमधे थांबवला आणि फॉर्म्युला लावून टेबल पूर्ण केलं, २०२०-२१ झालाच नाही. पण २०२१-२२ झाला. म्हणजे कोविडमधे मेली हे वर्षांच्या हिशोबातच बसत नाही.

राहिलं २०२२ चं कुलूप. कुलूप लागलं ते नावाला. युनियनने पूर्ण पिरॅमिडची फेररचना केली, हेतू हा की प्रवास कमी व्हावा आणि मॅचेसचं ओझं कमी व्हावं, म्हणून नॅशनल २ चे दोन गट होते त्याचे तीन केले, पाचव्या पायरीवर चार लीग होत्या त्याच्या सहा केल्या, आणि त्यांना रीजनल १, मग रीजनल २, त्याखाली काउंटीज १, २, ३ अशी कोरडी नावं दिली. त्यात लंडन १-२-३ पण गेल्या आणि हर्ट्स-मिडलसेक्स १ पण गेली. हॅकनी, फिंचली वगैरे क्लब कुठे गेले नाहीत, शनिवारी तसेच चिखलात लोळतायत. मला स्वतःला नवीन नावं आवडत नाहीत, ‘काउंटीज २’ ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही, पण ती माझी आवड.

एक गोष्ट पोस्टची बरोबर आहे आणि ती मी झाकणार नाही. खालच्या पातळीवर पंधरा जण जमवायला खरंच त्रास होतो, फ्रंट रोचे, म्हणजे पुढच्या रांगेचे, ट्रेन केलेले खेळाडू नसतील तर स्क्रममधे (दोन्ही टीम एकमेकांत अडकून बॉलसाठी ढकलतात ते) जोर लावायचाच नाही असा नियम आहे, आणि कधी समोरची टीम येतच नाही, वॉकओव्हर. मी स्वतः एकदा दीड तास बस बदलत गेलो आणि मॅचच नाही. पण पोस्टवाल्याने यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे, मुलं कमी पडतायत तर जवळच्या जवळ मॅचेस द्या, हाच २०२२ च्या बदलाचा विचार होता.

आणि आपल्या सहा फ्रँचायझी. जून २०२५ ला अंधेरीत झाली ती लीग, दोन आठवडे, सातजणांची सेव्हन्स, चेन्नई बुल्स जिंकले, मजा आली, मी बघितली. पण त्यात खालून कोणी वर येत नाही आणि शेवटचा नंबर आला म्हणून कोणी खाली जात नाही. पंधराजणांच्या क्लब रग्बीच्या पायऱ्यांशी तिची तुलना म्हणजे वडापावची पुरणपोळीशी. त्या पायऱ्यांना बदली म्हणून ही लीग नको, एवढंच म्हणतोय.

आणि हो, पोस्टसोबत जो फोटो लावलाय ना ‘हर्ट्स-मिडलसेक्सची शेवटची मॅच’ म्हणून, तो झूम करून बघा. टॅकल झालेला खेळाडू उठून उभा राहिलाय आणि पायाने बॉल मागे ढकलतोय. हे तेरा जणांच्या खेळात होतं.