‘एएम-पीएम’ संस्कृतातून आलेले नाहीत

‘एएम म्हणजे आरोहणम् मार्तण्डस्य, पीएम म्हणजे पतनम् मार्तण्डस्य, इंग्रजांनी हे शब्द आपल्याकडून चोरले’, असा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. संस्कृतवर जीव असलेली माणसंच तो पुढे पाठवतात, म्हणून तो नीट तपासायला हवा.

संदेशातला पहिला प्रश्न : ‘अँटी मेरिडियन’ म्हणजे आधी, पण कशाच्या आधी? ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, पण कशाच्या? उत्तर त्या शब्दांतच आहे. मूळ लॅटिन प्रयोग ‘आन्ते मेरिदिएम’ आणि ‘पोस्त मेरिदिएम’. ‘मेरिदिएस’ म्हणजे मध्याह्न. मध्याह्नापूर्वी, मध्याह्नानंतर. (विरोध दाखवणारा ‘अँटी’ वेगळा, तो ग्रीक आहे.)

दुसरा दावा चोरीचा. ‘मेरिदिएस’चं जुनं रूप ‘मेदिदिएस’. त्यातल्या पहिल्या ‘द’चा पुढे ‘र’ झाला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हारो लिहितो, की रोमजवळच्या प्राएनेस्ते या गावातल्या सूर्यघड्याळावर ‘द’ असलेलं रूप कोरलेलं त्याने स्वतः पाहिलं. तेव्हा इंग्रजी भाषाच जन्मली नव्हती. मग इंग्रजांनी चोरलं कधी?

‘पण सूर्याच्या चढण्या-उतरण्याचा अर्थ किती चपखल बसतो!’ बसतो, मान्य. मध्यरात्रीनंतर सूर्य क्षितिजाखाली का होईना, वरच सरकत असतो. तरी अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही, जुना वापर दाखवावा लागतो. संदेशात एकाही ग्रंथाचा आधार नाही. शिवाय आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, घटका तिथून मोजतात, दिवसरात्र मिळून 60. मध्यरात्रीपासून बारा-बारा तासांचे दोन भाग करणारी खूण त्या पद्धतीत लागतच नाही.

मला सर्वांत जास्त खुपतं ते हे, की या बनावट जोडीपायी संस्कृतचे अस्सल शब्द झाकले जातात : पूर्वाह्ण, मध्याह्न, अपराह्ण. त्यातले पूर्वाह्ण आणि अपराह्ण तर पाणिनीच्या एकाच सूत्रात शेजारी-शेजारी आहेत. आणि लॅटिनशी नातं हवंच असेल, तर तेही खरंखुरं आहे. ‘मेदिदिएस’मधला ‘मेदिउस’ आणि आपला ‘मध्य’, त्यातला ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ यांची मुळं एकच. दोन्ही भाषांना ती एकाच पूर्वजभाषेकडून मिळाली.