चार बोल्ट मारले की सीट बसली? नाही!

चवथीला गावी जायच्या आधी जुनी व्हॅन, जीप नीट करून घ्यायची सगळीकडे घाई असते. त्यातच हा मेसेज ग्रुपवर फिरतोय: “भंगारातली कुठलीही सीट आणा, गाडीच्या तळाला चार भोकं पाडा, जाड बोल्ट-वॉशर मारा. सीटबेल्टचा पट्टा सीटलाच जोडा. आरटीओ सीटखाली वाकून बघत नाही.” हे वाचून मला खरंच भीती वाटली.

जाड बोल्टचं आधी बघू. ताशी 50 किलोमीटरची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 70 किलोचा माणूस आणि 20 किलोची सीट मिळून सव्वा टनाच्या आसपास ओढ बसते. 8.8 ग्रेडचा (म्हणजे चांगल्या मजबूत पोलादाचा) 10 मिलिमीटरचा बोल्ट त्याने तुटत नाही. फाटतो तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. शिवाय ही ओढ माणसाच्या पोटाच्या उंचीवर लागते, त्यामुळे सीट पुढे कलंडते आणि मागचे दोन बोल्ट वर उपटले जातात. नाण्याएवढा वॉशर पत्रा फाडून सरळ वर येतो. म्हणून खालून निदान 3 मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी, कोपरे गोल केलेली लोखंडी प्लेट हवीच. मूळ क्रॉसमेंबरचा (गाडीच्या तळाखालच्या आडव्या लोखंडी पट्टीचा) आधार मिळाला तर फारच उत्तम.

पट्टा सीटलाच जोडला की माणसाचा सगळा भार याच चार बोल्टांवर आला. मूळ गाडीत खांद्याकडचं टोक बहुधा दाराजवळच्या खांबाला असतं, ते उगाच नाही. ती जागा सोडू नका.

आणि आपला गोव्याचा पाऊस, खारी हवा! फोंड्याच्या एका गॅरेजमध्ये मी व्हॅनचा गालिचा उचलला. वरून रंग चकचकीत होता. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो आरपार गेला आणि खालची जमीन दिसली. असल्या पत्र्यावर वेल्डिंगही धरत नाही. आधी कुजलेला भाग कापून नवा पत्रा घालायचा, मग सीट. गालिच्यावरून बोल्ट आवळायचे नाहीत. गालिचा दबला की बोल्ट सैल पडतात.

आरटीओचं म्हणाल तर नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ला चालत नाही. दोन जादा सीट टाकणं त्यातच येतं.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाहीच. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुतेक एअरबॅगचा असतो. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका.