टाकीची गळती

गेली सहा वर्षे मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. निवडीच्या सभेला मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो आणि तोपर्यंत माझे नाव एकमताने मंजूर झालेले होते. या पदाला मानधन नाही. गच्चीची किल्ली मात्र आहे. ती कोणी खिशात घालून विसरू नये म्हणून तिला वीतभर लांबीचा सागवानी ठोकळा बांधलेला असून ती आमच्या दाराआडच्या खिळ्याला टांगलेली असते. एका उन्हाळ्यात या ठोकळ्याने माझ्याकडून जेवढे खोटे वदवून घेतले, तेवढे मी उभ्या नोकरीत रजेच्या अर्जांमध्येही लिहिले नव्हते.

आमची इमारत नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या जागी उभी आहे. वाडा पडला, सामायिक नळ गेला, ओटे गेले, भाडेकरूंचे सभासद झाले. परंतु शेजारी कोण पाहुणे आले आहेत हे दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखण्याची विद्या तेवढी चार मजले चढून वर आली. या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचे खजिनदार राहतात आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, एक निवृत्त प्राध्यापक. खजिनदारांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आलेली होती. ती प्राध्यापकांच्या न्हाणीघरातून येते असे खजिनदारांचे म्हणणे, आणि आपले न्हाणीघर वाळवंटासारखे कोरडे आहे असे प्राध्यापकांचे. दोन वर्षे ही दोन घरे एकमेकांशी केवळ माझ्यामार्फत, तीही लेखी, बोलत होती.

प्राध्यापकांना एक मुलगा आणि खजिनदारांना एक मुलगी आहे, एवढे सांगितल्यावर पुढचे वाचकांनी ओळखले असेलच. मला ओळखायला तीन आठवडे लागले. लग्नपत्रिकेच्या रीतीने त्याला चिरंजीव आणि तिला चि. सौ. कां. म्हणू.

चि. सौ. कां. दुपारी दीडच्या सुमारास सूप घेऊन दारात उभी राही. "काका, किल्ली द्या ना, सांडगे वाळत घालायचेत." त्यानंतर दहा मिनिटांनी जिन्यात चिरंजीवांची पावले वाजत. "काका, टाकीची पातळी बघून येतो." हल्लीची मुले घरात लक्ष घालतात याचे मला कौतुकच वाटत होते. सांडगे सकाळच्या उन्हात घालतात, दुपारी दीडला नाही, हे आमच्या हिने फार नंतर सांगितले. एके दिवशी मी सहज सुपात डोकावलो, तर त्यात अकरा सांडगे होते. दुसऱ्या दिवशीही अकराच. आठवड्याने दहा झाले, तो एक बहुधा कावळ्याने नेला असावा. बाकीचे दहा तेच होते, आणि रोज वरखाली करून इतके वाळले होते की सुपात खड्यांसारखे खुळखुळत.

मी विचारल्यावर दोघांनी जागच्या जागी सारे कबूल केले आणि मला शपथ घातली. "अरे, मग झेड ब्रिजवर जाऊन उभे राहा की," मी म्हणालो. "काका, झेड ब्रिजवरून आपली अख्खी बिल्डिंग डेक्कनला जाते!" हे अगदी खरे होते. नदीकडे तोंड करून दुचाकीला टेकलेल्या जोड्यांच्या फक्त पाठी तेथे दिसतात, परंतु लहानपणापासून पाहिलेली पाठ ओळखायला शेजाऱ्याला चेहरा लागत नाही. त्या मानाने दुपारी एक ते चार या वेळेतली पेठेतली गच्ची सुरक्षित. त्या वेळात आमच्याकडे बेल वाजवण्याची हिंमत कुरिअरवालाही करत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या माई मात्र दुपारच्या झोपत नाहीत. पानशेतच्या पुराच्या वर्षी, म्हणजे १९६१ साली, त्या लग्न होऊन वाड्यात आल्या, आणि तेव्हापासून जगातल्या सर्व घटना त्या पुराआधीच्या आणि पुरानंतरच्या अशा विभागतात. पुरानंतरची बरीच लग्ने त्यांनीच जमवलेली आहेत. त्यांनी स्थळांची लांबट वही माझ्यासमोर उघडली. "खजिनदारांच्या मुलीसाठी कोथरूडचं स्थळ आहे. स्वतःचा फ्लॅट, आईवडील वेगळे राहतात. तुमचं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे, पत्रिका तेवढी मागून आणा." मी गडबडलो आणि बोलून गेलो, "माई, ती पीएच.डी. करतेय. तीन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही म्हणते."

माई तडक तिसऱ्या मजल्यावर अभिनंदन करायला गेल्या. मुलीच्या आईला ही बातमी सर्वस्वी नवीन होती. परंतु आपल्या मुलीविषयी शेजारणीला आपल्याआधी काही कळले, हे कबूल करणे पेठेतल्या कोणत्याही गृहिणीला शक्य नसते. "हो ना, विषय ठरतोय अजून," त्या म्हणाल्या. माईंनी अर्थातच विषय विचारला. मुलगी रोज टाकीच्या बाजूला जाते, एवढेच बिचारीला ठाऊक होते. "पाणी," त्या ठामपणे म्हणाल्या. संध्याकाळी दूधवाल्याने मला विचारले, "ताईंचे गाईड कोण आहेत?"

रविवारच्या कमिटीच्या बैठकीत खजिनदारांनी चष्मा पुसत मुद्दा काढला. "मुलीचं समजलं, संशोधन आहे. पण चौथ्या मजल्यावरचा मुलगा रोज टाकीपाशी काय करतो?"

"टाकी गळते," मी म्हणालो. "मीच त्याला पातळीवर लक्ष ठेवायला सांगितलंय."

खजिनदार बराच वेळ गप्प बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या छताची ओल टाकीची!" न्हाणीघराची दुरुस्ती ज्याची त्याने करायची आणि टाकीची सोसायटीने, हा नियम प्राध्यापकांना पाठ होता, त्यामुळे त्यांनी या निष्कर्षाला तत्काळ अनुमोदन दिले. दोन वर्षांत ते दोघे प्रथमच एकमेकांकडे पाहून बोलले. इतिवृत्तात 'टाकीची गळती' हा विषय मी माझ्याच हस्ताक्षरात नोंदवला.

प्लंबरने टाकीवर चहूबाजूंनी थापा मारल्या आणि म्हणाला, "साहेब, ही टाकी तुमच्या नातवंडांना पुरेल." तरीही मी त्याच्याकडून नवा बॉलकॉक बसवून घेतला आणि वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून घेतला. बिल ९,४०० रुपये झाले. त्याच चार दिवसांत प्राध्यापकांकडे ठोकाठोक चालली होती. "शेल्फ बसवतोय," ते म्हणाले. पण मिस्त्री जिन्यातून जी गोणी खाली नेत होता, तिच्या फाटक्या कोपऱ्यातून न्हाणीघराच्या फरश्या आणि फूटभर गंजका पाइप डोकावत होता. पंधरा दिवसांत खजिनदारांचे छत कोरडे झाले, आणि टाकी गळत होती हे सप्रमाण सिद्ध झाले.

इकडे मुले गुपचूप नोंदणी विवाह करायला निघाली होती आणि तीन साक्षीदारांत माझे नाव मला न विचारता धरलेले होते. मी त्यांना समजावले की, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तुमची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लागेल आणि मध्ये ३० दिवस जातील. परंतु भिंतीवर लावलेला कागद वाचल्याशिवाय पुढे जाणारा पुणेकर अजून जन्माला यायचा आहे, तेव्हा पेठेत बातमी यायला ३० मिनिटे पुरतील. हे त्यांना पटले. त्यांनी घरी सांगितले. थोडी रडारड झाली, एका संध्याकाळी दोन्ही घरी कोणी जेवले नाही, आणि मग याद्या होऊ लागल्या. माईंनी कोथरूडचे स्थळ खोडून हे लग्न वहीत 'जमवलेली' या सदराखाली लिहून टाकले.

एक भीती उरली होती. आमच्या खजिनदारांनी एकदा चहाच्या बिलात १२ रुपयांचा मेळ लागेना म्हणून वर्षाचा हिशेब अडवून ठेवला होता. टाकीचे बिल त्यांच्यासमोर ठेवताना मी बॉलकॉकची सविस्तर माहिती तोंडपाठ करून गेलो होतो. त्यांनी बिल वरून खाली वाचले, एकही प्रश्न विचारला नाही, चेकवर सही केली आणि पेनाचे टोपण लावले.

"त्या मानाने पीएच.डी. स्वस्तात झाली," ते हळूच म्हणाले, आणि पार्किंगच्या विषयाकडे वळले.