आधी शर्यत घ्या, सत्कार नंतर!
दरवर्षी तेच! आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत 10,000 मीटरची शर्यत पत्रिकेत सकाळी साडेसहाला. पोरं वॉर्मअप करून तयार, आणि पाहुणे उगवतात नऊला. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषणं. तोवर अंग गार पडलेलं, ऊन डोक्यावर. त्या उन्हात 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 फेऱ्या मारणं म्हणजे काय, हे मंडपात बसून कसं कळणार? अहो, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचा संघ यातूनच निवडायचा असतो! बीडचा अविनाश साबळे, साताऱ्याची ललिता बाबर हे धावपटू खेड्यातूनच पुढे आले ना? तशीच एखादी पोरगी रात्रीच्या एसटीने आलेली असते, ताटकळत बसते. आम्ही पंच दर बैठकीत सांगतो, लेखी देतो. उद्घाटन संध्याकाळी केलं तर काय बिघडतं?