दोन सेकंद पुढचं दिसणारा पैलवान : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. उत्तर सकाळी देतोय, कारण रात्री दिलं असतं तर नंतर डिलीट करत बसावं लागलं असतं.

बाकीच्यांसाठी सांगतो. मागच्या लेखात मी म्हणलं होतं की फँटसी कथेतल्या योद्ध्याला दोन सेकंद पुढचं दिसत असेल तर तलवारीच्या अंतरावर तो भारी पडेल, पण अंगाला अंग भिडलं की त्या दिसण्याचा फायदा लई कमी होतो. त्यावर भाऊ लिहितात, "सोफ्यावर बसून मारामारीवर लिहिणाऱ्यांनी आधी दोन फटके खाऊन बघावेत. समोरचा काय करणार हे दिसतंय तर माणूस हरेलच कसा, साधा कॉमन सेन्स आहे. आणि स्वतःच्या हालचालीनंतर काय होणार तेही दिसत असेल तर अख्खा लेखच बाद. दोघांनाही दिसत असेल तर काय, ते लिहिलंच नाही. आकडेही चुकीचे."

आकडा चुकला, मान्य. डोळ्याला दिसल्यापासून अंग हलेपर्यंत साधारण 0.25 सेकंद जातात, तिथं मी मिनिट टाइप केलं. पाव मिनिट म्हणजे 15 सेकंद, तेवढ्यात गडी माती झाडून पाणी पिऊन येतो. दुरुस्त केलंय, धन्यवाद. पण एवढं सांगायला माझा सोफा कशाला लागतो?

आता फटक्यांचं. मी निलंग्याकडचा. आमच्याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1970 ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं गोल्ड आणलं, त्यांचं नाव ऐकत ऐकत आमच्या पिढीची पोरं तालमीत गेली. मी सहा वर्षं गेलो. मोठा पैलवान नाही झालो, जत्रेत रेवड्यांपासून सुरुवात केली आणि 101 रुपयांच्या पुढं कधी गेलो नाही, पण माती खाल्लीय, आणि ज्याला मातीची चव माहीत नाही त्यानं मला कॉमन सेन्स शिकवायचा म्हणजे कमालच झाली राव.

बारावीच्या वर्षी माझी कुस्ती भालकीकडच्या एका गड्याशी लागली. वस्ताद आठ दिवस आधीपासून सांगत होते, त्याच्याकडं एकच डाव हाय, उजव्या पायावर बाहेरली टांग, म्हणजे बाहेरून पाय अडकवून पाडायचं, दुसरं काही येत नाही त्याला. सलामी झाली, खडाखडी म्हणजे उभ्याउभ्या एकमेकाला चाचपणं सुरू झालं, त्याचा हात माझ्या मानेवर, हळदी-ताकाच्या वासाची ओली माती कानामागं घासतेय, आणि त्यानं खांदा फिरवायच्या आधीच मला कळलं की आता टांग येणार. म्हणजे बगा, तुमचे ते दोन सेकंद मला फुकटात मिळाले होते. मी उजवा पाय मागं घेतला. पाय मागं गेला तशी मान पुढं आली, सगळं वजन डाव्या पायावर, आणि मानेवर ठेवलेल्या हाताला हे डोळ्याच्या आधी कळतं. त्यानं टांग मारलीच नाही. खाली बसला, डाव्या पायाचा पट काढला, म्हणजे पायच धरून ओढला, आणि माझी पाठ मातीला लागली तरी हलगीवाल्याचा ठेका बदलला नव्हता.

तुम्ही म्हणाल, पट पण दिसला असता की. असता. मग? मागं गेलेला उजवा पाय परत येऊन टेकेपर्यंत काय देवाचं नाव घ्यायचं होतं? दिसल्यानं वजन हलत नाही, कंबर हलवावी लागते. लांबून मुक्का येत असेल तर गोष्ट वेगळी. मुक्का इतक्या लवकर येतो की बॉक्सर मुक्का बघतच नाही, खांदा बघतो, तिथं पाव सेकंद आधी कळणं म्हणजे सोनं, आणि हे मी लेखातच लिहिलं होतं पण वाचायला तेवढा धीर पाहिजे. कब्जात सापडलेल्या माणसाचं तोंड मात्र समोरच्याच्या काखेत असतं. त्याला भविष्यात काय दिसणार? दोन सेकंदांनंतरची तीच काख.

सहदेवाला पुढचं सगळं दिसायचं असं आपल्याकडं लहान लेकरालाही माहीत आहे, तरी जरासंधाशी झोंबायला भीमच गेला ना? कृष्णानं काडी चिरून दाखवली हे खरं, पण फाडायला हात भीमाचेच लागले.

आता तुमचे बाकीचे मुद्दे. स्वतःच्या हालचालीनंतरचं पण दिसत असेल तर वगैरे, हा शब्दांचा खेळ आहे, त्यात मी पडत नाही, असं काय काय दिसायला लागलं तर मग कथा तरी काहून लिहायची. दोघांनाही दिसत असेल तर दोघं नुसती खडाखडी करत बसतील, पंच वैतागून कुस्ती बरोबरीत सोडवतील, झालं.

लेख नाही आवडला तर वाचू नका, कुणी हाताला धरून आणलं नव्हतं. टीका जरूर करा, मी कुणाची प्रतिक्रिया उडवत नाही, तुमचीपण नाही उडवली. फक्त फटके खाल्ले का असं परत विचारायच्या आधी माझा डावा कान एकदा येऊन बघा, अजून चपटा आहे, त्या बाजूनं मोबाईल लावला तर नीट ऐकू येत नाही.

आणि आमच्याकडं सोफा नाही. बाजंवर बसून लिहितो.