खुलासा : ग्रिल मोडवर बटर पेपर नको

‘ओटीजीत (घरगुती इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) पनीर टिक्का, तंदुरी चिकन ग्रिल करताना ट्रेवर बटर पेपर अंथरा, तो जळत नाही,’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. ट्रे घासायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, पण हा सल्ला चुकीचा आहे.

बटर पेपर म्हणून वापरल्या जाणाऱ्या बेकिंगच्या कागदावर सिलिकॉनचा थर असतो आणि पाकिटावर बहुधा २२०-२३० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. केक-बिस्किटांना ती पुरते. ग्रिलमध्ये मात्र वरचा रॉड लालभडक होऊन थेट धग मारतो. नॉब २०० वर असला तरी रॉडजवळचा भाग त्याहून खूपच जास्त तापतो. ट्रेबाहेर आलेला कागदाचा कोपरा आधी वर वळतो, मग तपकिरी होतो आणि तिथूनच पेट घेतो. पदार्थ गुंडाळायचा साधा बटर पेपर तर ओव्हनसाठी नसतोच.

तुकडे जाळीवर ठेवा, खाली धातूचा ट्रे. काचेचं भांडं ग्रिलखाली तडकू शकतं.

आणखी एक, मेसेजमध्ये नसलेलं: चिकनला वरून काळे डाग पडले म्हणजे ते शिजलं असं नाही. हाडालगत कच्चं राहू शकतं. सर्वांत जाड भागात ७४ अंश हवेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर दोन मिनिटांत सांगतो.

आत काही पेटलंच तर दार उघडू नका. स्विच बंद करा, आग आपोआप विझू द्या. पाणी अजिबात मारायचं नाही.