कोलंबियाचे मास्तर आणि आपलं नागसेनवन

आपल्या मराठवाड्यात हल्ली तालुक्याच्या कॉलेजातही ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ भरते. झूमवर परदेशातला एक पाहुणा, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. प्रमोशनच्या फाईलला एक कागद वाढला, झालं आंतरराष्ट्रीय!

दौरेच मोजायचे तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांना तोड नाही. १९१९ ला चीनला गेले ते दोन वर्षांहून जास्त राहिले. व्याख्यानांचा चिनी अनुवाद करायला शेजारी उभे असायचे हू शी, त्यांचेच कोलंबियातले विद्यार्थी. १९२४ ला तुर्कस्तान, १९२६ ला मेक्सिको, १९२८ ला सोव्हिएत रशिया. भारतात मात्र हा माणूस आलाच नाही.

तरी माझ्या मते त्यांचा सगळ्यात खोल ठसा इथंच उमटला. १९१३ ते १९१६ भीमराव आंबेडकर कोलंबियात होते, ड्यूईंच्या वर्गात बसत होते. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये ते ड्यूईंना आपले गुरू म्हणतात, त्यांचं ऋण मानतात. पण उतारा कुठं लावला बघा. गतकाळातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, हे ड्यूईंनी शाळेबद्दल लिहिलेलं. बाबासाहेबांनी ते अख्ख्या हिंदू समाजापुढं ठेवलं. चीनमध्ये ड्यूईंचेच दुसरे विद्यार्थी, शिक्षणतज्ज्ञ ताओ शिंगझी यांनी तर गुरूचं सूत्रच उलटं केलं: ‘शिक्षण म्हणजे जीवन’चं ‘जीवन म्हणजे शिक्षण’. चेले असावेत तर असे. गुरूचा फोटो भिंतीवर लावून मोकळे होणारे आपल्याकडे कमी नाहीत.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियानं बाबासाहेबांना मानद पदवी दिली. ड्यूई त्याच्या चारच दिवस आधी गेले होते. भेट राहूनच गेली.

त्याआधी १९५० ला औरंगाबादेत बाबासाहेबांचं कॉलेज उभं राहिलं होतं. निजामाची राजवट जाऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. पुढं कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन भिक्खू. या दोघांच्या संवादाचा पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’, त्यात वाद सुरू करण्याआधी नागसेन अट घालतो: पंडितासारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा नाही. राजाला विरोध केला की तो दंड करतो. पंडित हरला तरी चिडत नाही.

ही अट आज आपल्या किती वर्गांत चालते?

मागं लोकशाहीचा धडा चालू होता. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नाही, एकत्र जगायची रीत आहे, हे ड्यूईंचं म्हणणं मी सांगत होतो. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. “सर, आमच्या गावात शाळा एकच हाय. स्मशानं दोन हायेत. मग शाळेनं शिकवलं कुणाला?” वर्ग आधी चिडीचूप. मग एक पोरगा तावातावानं बोलला, तिनं त्याला उत्तर दिलं, आणि बेल झाली तरी कुणी दप्तर उचलेना.

स्टाफरूममध्ये लगेच ऐकून घ्यावं लागलं. ‘सर, असले विषय वर्गात कशाला काढता? सिलॅबस कधी संपवणार?’

मी पुढचा तासही त्याच प्रश्नावर घेतला. सिलॅबस दोन धडे मागं आहे, राहू दे.